भोपाळला नेलेलं पाणी

ललिताबाई तायडे यांच्या घरी कुणी पाणी मागितलं की त्या आधी माणसाकडे बघतात आणि मग कोणतं पाणी द्यायचं ते ठरवतात. याला कंजूषपणा म्हणणारे गावात आहेत, पण त्यांच्याही घरी हेच चालतं. तेल्हाऱ्याकडचं काटसावंगी हे त्यांचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात बसलेलं. जमीन अशी काळीभोर की ओंजळीत घेऊन बघत राहावं, पण विहीर खणा नाहीतर बोअर पाडा, खालून येतं ते खारं पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही. तुरीची डाळ दिवसभर चुलीवर ठेवली तरी दाणा दाण्याला ओळख देत नाही. चहा खारट होतो, आणि दूध जरा पातळ असलं तर फाटतोही. अलीकडे दूरच्या धरणाचं गोडं पाणी नळानं येतं, पण नळाची मर्जी लग्नातल्या रुसक्या मामासारखी. तो ज्या दिवशी येतो त्या दिवशी गावात दुसरं काम होत नाही. ड्रम, हंडे, बादल्या, कुकर, पोरांच्या शाळेच्या बाटल्या, सगळं भरून ठेवतात. हे गोडं पाणी प्यायला, डाळीला आणि पाहुण्याला. बाकी अंघोळ, भांडी, गुरं, सारं खाऱ्यावर.

त्यामुळे कोणतंही नवं पाणी दिसलं की ललिताबाई आधी त्यात बोट बुडवतात आणि जिभेच्या टोकाला लावतात. कुणाच्या लग्नात असो, दवाखान्यात असो, बसस्टँडवरच्या टाकीशी असो. त्यांच्या नवऱ्याला, पंजाबरावांना, या सवयीची चारचौघांत लाज वाटते. पण ही सवय का लागली हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही, म्हणून ते गप्प बसतात.

ललिताबाईंचं माहेर नांदगाव खंडेश्वरकडचं. तिथल्या विहिरीचं पाणी गोडं, आणि गोडं असतं म्हणजे काय हे तिथल्या कुणाला माहीत नाही, कारण दुसरं त्यांनी चाखलेलंच नाही. लग्न जमवताना त्यांचे वडील रिवाजाप्रमाणे मुलाचं घर पाहायला काटसावंगीला आले. शेत पाहिलं, घर पाहिलं, माजघरात बसून चहा घेतला. चहा फक्कड झाला होता. परत जाऊन त्यांनी सांगितलं की माणसं बरी आहेत, मुलाची एसटीत कंडक्टरची नोकरी आहे आणि पाणीही चांगलं आहे. लग्न लागलं. सासरच्या पहिल्या सकाळी नव्या नवरीनं चूळ भरायला तांब्या तोंडाला लावला आणि तिला वाटलं, कुणीतरी थट्टेनं मीठ कालवलं. तिनं दुसरा तांब्या घेतला, मग तिसरा. सासू दारातून बघत होती. ती म्हणाली, "असंच हाय, माय. होईल सवय."

मग हळूहळू कळलं. वडील घर पाहायला आले त्याच्या आदल्या दिवशी पंजाबराव स्वतः बैलगाडी जुंपून वान नदीवर गेले होते आणि चहापुरतं, जेवणापुरतं गोडं पाणी पिंपात भरून घेऊन आले होते. त्या भागात तेव्हा बरेच जण हे करत. घर पाहायला सोयरे यायचे असले की भिंती सारवायच्या, उसन्या सतरंज्या आणायच्या आणि गोडं पाणी आणायचं. त्यात कुणाला लबाडी वाटत नसे. ललिताबाईंच्या वडिलांनी मात्र पुढे लेकीच्या घरी कधी चहा घेतला नाही. चहा सोडला, असं ते म्हणायचे. आपल्या गावी ते पेला भरून चहा पीत, हे लेकीला ठाऊक होतं.

तेव्हापासून ललिताबाईंचा एक हट्ट आहे. मुलगा अश्विन लग्नाचा झाला, वीज कंपनीत लाइनमन म्हणून लागला, आणि मुलींकडचे लोक घर पाहायला येऊ लागले. घरात गोड्या पाण्याचा ड्रम भरलेला असताना ललिताबाई चहाचं आधण ठेवत ते विहिरीच्या पाण्याचं. जे आहे ते समोर ठेवायचं. पाहुणे एक घोट घेत, एकमेकांकडे बघत, कप बशीत ठेवत आणि शेतीच्या गोष्टी बोलत. ते गेले की अर्धे-पाऊण भरलेले कप ललिताबाई मोरीत ओतत. निरोप कधी येत नसे. एकदा तर मुलगी पसंत होती, लग्नपत्रिकेचा कागदही बघून ठेवला होता, आणि ते चहावर मोडलं. पंजाबराव महिनाभर बायकोशी धड बोलले नाहीत. अश्विन मात्र आईला कधी काही म्हणाला नव्हता. तिशी उलटून गेल्यावर एका रात्री जेवता जेवता ताटाकडे बघत तो एवढंच म्हणाला, "माय, येत्या वेळी गोडं पानी ठेवजो."

म्हणून या वेळी त्यांनी मान डोलावली. अमरावतीच्या परिचय मेळाव्यात अश्विनला एक मुलगी आवडली होती, गीतांजली. माणसं मूळची वऱ्हाडातलीच, पण वडील, वामनराव, कारखान्याच्या नोकरीपायी भोपाळला गेले आणि तिथलेच झाले. मुलगी नर्स. अश्विनला सुट्टी मिळेना, तेव्हा पंजाबरावांनी डोकं चालवलं. ते लोक आपल्या घरी येण्याआधी आपणच भोपाळला जायचं, तिथे बोलणं पक्कं करायचं, आणि पाण्याचा विषय पक्कं झाल्यावर काढायचा. बायकोकडून त्यांनी तसा शब्द घेतला. शब्द देताना ललिताबाईंना आपले वडील आठवले, पण समोर लेक बसला होता.

असे हे दोघं दसरा उलटल्यावर, भुसावळला गाडी बदलून, सकाळी भोपाळला उतरले. वामनरावांनी संध्याकाळी तळ्याकाठच्या हॉटेलात जेवायला बोलावलं होतं. दिवस मोकळा होता. पूर्वी समाजाच्या मंडळाच्या बसनं ते सांचीला जाऊन आले होते, पण तेव्हा भोपाळ रात्री लागलं आणि झोपेत निघून गेलं. स्टेशनजवळच्या लॉजवर पिशवी टाकून, तोंड धुऊन दोघं भटकायला निघाले. ललिताबाईंच्या हातात पाण्याची कॅन होती. गोडेतेलाची जुनी कॅन, राखेनं घासून घासून पांढरी केलेली, आणि त्यात घरचं गोडं पाणी. नळ आला त्या दिवशी प्रवासासाठी त्यांनी ती वेगळी भरून ठेवली होती. गावातलं माणूस बाहेर पडलं की पाणी सोबत घेतं, तसं त्यांनी घेतलं होतं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही.

जुन्या शहरात पंजाबरावांनी आधी पोहे-जिलबी खाल्ली. कंडक्टरकी सुटली तरी त्यांची जीभ थांबलेली नव्हती. गल्लीतल्या प्रत्येकाला ते विचारत होते की इथं आणखी काय चांगलं मिळतं. एका म्हाताऱ्या दुकानदारानं त्यांना तांब्याच्या मोठ्या भांड्यापाशी नेलं आणि दोन कप चहा हातात दिला. ललिताबाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली धरला. त्यांनी पुन्हा घोट घेतला. चहा खारट होता.

"काहो," त्या हळूच म्हणाल्या, "इथंही पानी खारं हाय."

पंजाबरावांनी चाखलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. दुकानदार हसून सांगू लागला की हा भोपाळचा खास चहा आहे, यात मीठ मुद्दाम टाकतात, लोक लांबून येतात. दुकानासमोर खरोखरच माणसं उभी होती. चांगल्या इस्त्रीच्या कपड्यातली, गाड्यांवर आलेली, आणि सगळी खारट चहा मिटक्या मारत पीत होती. कुणाच्याही कपात थेंब उरत नव्हता. ललिताबाई तिथे किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांना हसू येत होतं आणि आत कुठेतरी रागही येत होता. आयुष्यभर जे मोरीत ओतलं ते इथे लोक पैसे देऊन पितात! पंजाबराव तर हरखून गेले. आपल्या गावात हेच दुकान काढलं असतं तर बंगला झाला असता, असं ते पुढच्या चौकापर्यंत सांगत राहिले.

मग ते तळ्याच्या रस्त्याला लागले, आणि पंजाबरावांचा बंगला मागे पडला.

ललिताबाईंनी तळं पाहिलं नव्हतं असं नाही. पण त्यांच्या मनातल्या तळ्याला पलीकडचा काठ होता. इथे रस्त्याच्या कडेनं कठडा सुरू झाला आणि कठड्यापलीकडे पाणीच पाणी, थेट आभाळाला जाऊन टेकलेलं. पावसाळा सरल्यामुळे तळं काठोकाठ होतं. दूर पाण्यात कुण्या राजाचा भलामोठा पुतळा उभा होता, त्याच्याभोवती पांढरे पक्षी फिरत होते, आणि ऊन पाण्यावर असं पसरलं होतं की डोळे बारीक करून बघावं लागत होतं. त्यांनी कॅन खाली ठेवली. कठड्याला दोन्ही हातांनी धरलं.

"समिंदर असते तो असाच का?" त्यांनी विचारलं.

पंजाबरावांनीही समुद्र पाहिला नव्हता, पण कंडक्टर माहीत नाही असं म्हणत नाही. ते म्हणाले, असाच, पण तो खारा. ललिताबाई लगेच म्हणाल्या, मग हेही खारंच असेल. एवढं पाणी एका जागी आणि तेही गोडं, असं देणारं कुणी असतं का?

हे चाखल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. बोटी सुटतात त्या ठिकाणी पंजाबरावांनी वल्ह्याची एक नाव ठरवली. नावेत चढताना ललिताबाईंनी कॅन आधी आत ठेवली आणि मग स्वतः बसल्या. नावाडी कॅनकडे बघत राहिला. काठ मागे गेला, शहराचा आवाज विरला, आणि वल्ह्याचं चुबुकचुबुक तेवढं उरलं. ललिताबाईंनी बाजूला झुकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग तळहात बुडवला. मग मनगटापर्यंत हात पाण्यात घालून तो तसाच ठेवला. नावाडी तेव्हा हसला आणि म्हणाला, "अम्मा, यही पानी आधा शहर पीता है."

त्यांनी वळून शहराकडे पाहिलं. टेकडीवर चढत गेलेली घरं, मशिदीचे मिनार, उंच इमारती, खिडक्याच खिडक्या. त्या प्रत्येक घरात बाई सकाळी उठून तोटी फिरवते आणि हे पाणी येतं. तिची डाळ शिजते. तिच्या पोरीचे केस मऊ राहतात. तिच्या घरी सोयरे आले की ती विचार न करता आधण ठेवते. ललिताबाईंना या बायांचा हेवा वाटला आणि मग हेवाही वाटेनासा झाला, इतकं ते सगळं मोठं होतं. त्यांनी डोळे पुसले. पंजाबराव दुसरीकडे बघत राहिले. बायको का रडते हे त्यांना विचारायचं नव्हतं.

दुपारी काठावरच्या झाडाखाली बसून त्यांनी घरची पोळी आणि ठेचा खाल्ला, आणि पाणी प्यायले ते कॅनमधलं. समोर एवढा दर्या पडलेला आणि हे दोघं झाकणात ओतून, थेंब न सांडता पाणी पीत होते. आधी पंजाबरावांच्या ते ध्यानात आलं. ते हसायला लागले, मग ललिताबाईही हसल्या, इतक्या की बाजूची पोरं वळून बघू लागली. हसणं ओसरल्यावर पंजाबराव गंभीर झाले. संध्याकाळी सोयऱ्यांसमोर ही कॅन बरी दिसणार नाही, ते म्हणाले. उरलेलं पाणी तळ्यात ओतून टाकावं आणि कॅन कचऱ्याच्या डब्यात.

ललिताबाई उठल्या, काठाशी गेल्या, झाकण काढलं. कॅन वाकडी केली. पाणी तोंडापर्यंत आलं आणि त्यांचा हात थांबला. हे पाणी भरताना नळाशी झालेली बाचाबाची त्यांना आठवली. शेजारच्या पार्बताबाईंनी म्हातारपणी रांगेतला आपला नंबर त्यांना दिला होता. त्यांनी झाकण लावलं आणि परत आल्या.

"नाई सांडवत," त्या म्हणाल्या.

पंजाबरावांनी कपाळाला हात लावला. पण वाद घातला नाही.

संध्याकाळी तळ्याकाठी दिवे लागले तसे हॉटेलच्या गच्चीवर सगळे भेटले. जय भीम झालं. वामनराव जाडजूड, शांत, एकेक शब्द तोलून बोलणारे. त्यांच्या पत्नी मायाबाई हौशी, सतत काहीतरी खायला पुढे करणाऱ्या. आणि गीतांजली. ड्यूटीवरून थेट आली होती, डोळ्यांखाली थकवा दिसत होता, पण तिनं ललिताबाईंची खुर्ची आधी ओढून दिली. मराठी ती हिंदीच्या अंगानं बोलत होती. ती बोलायची कमी आणि समोरच्याकडे नीट बघायची जास्त. ललिताबाईंना ती पहिल्या घटकेत आवडली, आणि आवडली म्हणूनच नवऱ्याला दिलेला शब्द त्यांना टोचू लागला.

जेवण चांगलं होतं. तळ्यातली तळलेली मासळी होती, गरम रोट्या होत्या. ललिताबाईंचं लक्ष डाळीवर होतं. डाळ अशी एकजीव शिजली होती की चमच्यातून धार पडत होती. त्यांनी ती दोनदा घेतली. तेवढ्यात वेटर आला, त्यांचा अर्धा प्यालेला ग्लास उचलला, उरलेलं पाणी कुंडीत फेकलं आणि नवं ओतायला लागला. ललिताबाईंनी झटकन ग्लासावर हात ठेवला. सगळे बघायला लागले. त्यांनी हात काढून घेतला, पण चेहऱ्यावरचं काढता येईना.

वामनरावांनी रोटीचा तुकडा मोडत विचारलं, "तेल्हारा म्हनजे तिकडे खारपानपट्टा लागते ना, पंजाबरावजी?"

"आता नळ आले," पंजाबराव म्हणाले. ते खोटं नव्हतं. वामनरावांनी मान हलवली आणि विषय कापसावर गेला. ललिताबाई ताटाकडे बघत राहिल्या. शब्द दिला होता. अश्विनचा तो खाली घातलेला चेहरा डोळ्यांसमोर होता. गोष्ट इथेच संपली असती आणि त्या वर्षी लग्न लागलं असतं.

पण वेटरचा पाय टेबलाखालच्या कॅनला लागला. गीतांजलीनं वाकून ती बाजूला घेतली, तिचं वजन हाताला लागलं, आणि तिनं सहज विचारलं की यात काय आहे.

"औषध हाय," पंजाबराव पटकन म्हणाले. "वैद्याचं. पान्यातलं औषध."

मुलगी नर्स होती. तिनं रोटी खाली ठेवली. कुणाला होतं, काय होतं, किती दिवसांपासून, सूज येते का, लघवीचा त्रास आहे का, असं ती एकामागून एक विचारू लागली, आणि विचारताना ती ललिताबाईंच्या हाताचं मनगट धरून बोटानं दाबून बघत होती. खरोखरची काळजी होती तिच्या बोटांत. पंजाबराव काहीबाही सांगत होते आणि प्रत्येक उत्तरासरशी आणखी रुतत होते. ललिताबाई त्या बोटांकडे बघत होत्या. या पोरीला त्या फसवून घरी नेणार होत्या, आणि ती त्यांची नाडी बघत होती.

"औषध नाई, बाई," त्या म्हणाल्या. "पानी हाय. आमच्या घरचं गोडं पानी."

मग ललिताबाईंनी सगळं सांगितलं. विहीर, बोअर, डाळ, साबण, केस, नळाचा दिवस, सगळं. काही लपवलं नाही आणि काही वाढवलंही नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "हे तुले सांगू नोको असं ठरलं होतं, आन म्यायी हो म्हनलं होतं. पन मी त्या घरात अशीच आली होती, कोनी काई न सांगता. तू नाई म्हनलं तर मले राग नाई येनार, बाई. आल्यावर तुया मनात काई राहू नये."

पंजाबराव तळ्याकडे बघत होते. मायाबाई नवऱ्याकडे. गीतांजलीनं एकच प्रश्न विचारला. चहा किती खारट लागतो?

ललिताबाईंना सकाळचा कप आठवला. सुटायला ती चांगली जागा होती. तुमच्या इथल्यासारखाच, असं म्हटलं असतं तर सगळे हसले असते. त्या म्हणाल्या, "तुमच्या इथला पेलो सकाळी. त्याच्याहून जास्त. आन तुमी मीठ हातानं टाकता, उद्या नाई टाकलं तरी चालते. आमचं काढता येत नाई."

गीतांजलीनं कॅनचं झाकण उघडलं, आपल्या ग्लासातलं पाणी संपवलं, आणि कॅनमधून नवं ओतून घेतलं. तेही ती सावकाश प्यायली. वामनराव उठताना म्हणाले की विचार करून कळवतो. हे वाक्य ललिताबाईंनी बऱ्याचदा ऐकलं होतं.

हॉटेलखाली रिक्षाची वाट बघत दोघं कठड्यापाशी उभे राहिले. तळ्यात दिव्यांच्या लांब लांब रेघा हलत होत्या. दिवसभरात एवढं सुंदर काही त्यांनी पाहिलं नव्हतं आणि आता ते दोघांनाही नीट बघता येत नव्हतं. पंजाबरावांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"इतके वर्सं राग होता का माह्यावर?"

"होता."

"मंग काहून राह्यली?"

ललिताबाईंनी याचा कधी विचार केला नव्हता, पण उत्तर तयार होतं. "तुमी बैल जुपून वानेवर गेलते ना पान्याले. म्या नाई म्हनीन म्हून. माह्यासाठी इतक्या दूर कोनी गेलं नोतं."

पंजाबरावांनी बायकोच्या हातातली कॅन घेतली. लॉजपर्यंत ती त्यांनीच धरली.

गावी आल्यावर ललिताबाईंनी अश्विनला सगळं सांगितलं. तो ऐकून कामावर निघून गेला. त्यांनी वाट बघायची नाही असं ठरवलं आणि रोज बघत राहिल्या. मग एका दुपारी, कापूस वेचणीच्या ऐन घाईत, गीतांजलीचा फोन आला. आम्ही घर पाहायला येतो, ती म्हणाली. आणि चहा विहिरीच्या पाण्याचा करा.

ते आले त्याच्या नेमक्या आदल्या संध्याकाळी नळ येऊन गेला होता. गोड्या पाण्याचा ड्रम काठोकाठ भरलेला होता, त्यावर फडकं बांधलेलं होतं. पंजाबराव सकाळपासून त्या ड्रमभोवती घुटमळत होते. पाहुणे ओसरीवर बसले तेव्हा ललिताबाई चुलीपाशी रिकामं पातेलं घेऊन उभ्या होत्या. पंजाबरावांनी एकदा ड्रमकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि बादली उचलून विहिरीवर गेले. त्यांनी स्वतः पाणी शेंदून आणलं आणि पातेल्यात ओतलं.

चहा ओसरीवर गेला. वामनरावांनी एक घोट घेतला आणि कप बशीत ठेवला. मायाबाईंनी ओठ लावले न लावले. अश्विन खांबाला टेकून उभा होता, त्याला कुठे बघावं कळत नव्हतं. ललिताबाई दारात होत्या. गीतांजलीनं पहिला घोट घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं. ते तिनं लपवलं नाही. दुसरा घोट घेतला. मग थांबून थांबून, औषध घ्यावं तसा, तिनं कप संपवला आणि रिकामा कप घेऊन आत चुलीपर्यंत आली.

"काकू," ती म्हणाली, "तुम्ही सांगितला होता तेवढाच खारट आहे."

ललिताबाईंनी कप हातात घेतला. सवयीनं त्या मोरीकडे वळल्या, आणि ओतायला त्यात काहीच नव्हतं.